बेंडचे नट आवळताना: ॲल्युमिनियमच्या हेडला पहिल्यांदा पाना लावणाऱ्यांसाठी

सकाळी थंड गाडी चालू केली की पुढून, हेडजवळून (हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरवरचं झाकण), ‘चट् चट् चट्’ असा आवाज येतो आणि पाच मिनिटांनी इंजिन तापलं की तो कमी होतो. चालत्या गाडीचं ॲक्सिलरेटर सोडलं की सायलेन्सरमधून फटाके फुटतात. बेंडच्या, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाईपच्या, तोंडाशी काळी काजळी जमलेली दिसते. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर बहुतेक वेळा दुखणं एकच असतं: बेंड पाईप जिथे हेडला मिळतो तिथून गॅस गळतोय.

अशा वेळी नवा माणूस टी-पाना उचलतो आणि नट कचकचून आवळतो. मीही तेच केलं होतं. उजवीकडचा नट अर्धा फेरा फिरला, मग आणखी अर्धा, अगदी सहज. मला वाटलं, बसतोय. तो बसत नव्हता. नटाच्या ओढीने स्टड (हेडमध्ये रुतवलेली, बिनडोक्याची आटेदार सळई) हेडमधले आटे सोबत घेऊन बाहेर येत होता. हातात आला तेव्हा त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली होती आणि खाली खवणीतून पडलेल्या खोबऱ्यासारखा चकचकीत चुरा सांडला होता. स्टड मोडताना निदान ‘टक्’ असा आवाज तरी येतो. ॲल्युमिनियमचे आटे जातात ते आवाज न करता.

म्हणून हा लेख घट्ट कसं करायचं याहून कुठे थांबायचं याबद्दल जास्त आहे.

आधी जोड समजून घ्या

फोर-स्ट्रोक मोटरसायकलचं हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. एक्झॉस्टच्या भोकाच्या दोन बाजूंना दोन पोलादी स्टड त्यात कायमचे बसवलेले असतात. भोकात एक गोल गॅस्केट (गळती रोखणारं कडं) बसतं, त्यावर बेंडचं तोंड टेकतं, बेंडवरची फ्लँज (दोन भोकांची जाड पट्टी) दोन्ही स्टडांवर सरकते आणि बाहेरून दोन नट. (आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीत हा जोड हेडला नसतो, सिलिंडरला असतो. पद्धत बरीचशी तीच.)

इथे बोल्ट न वापरता स्टड का, हे लक्षात घ्या. बोल्ट प्रत्येक वेळी काढता-घालताना ॲल्युमिनियमचे आटे झिजवतो. स्टड एकदा आत गेला की तिथेच राहतो आणि झीज होते ती पोलादी नटाची, पोलादी स्टडवर. नट स्वस्त आहे, हेड महाग. म्हणून काम करताना फिरला पाहिजे तो नट, स्टड नव्हे.

स्टडची जाडी आधी बघा, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर ठरतात. लहान गाड्यांत बऱ्याचदा एम ६ म्हणजे ६ मिलिमीटरचा स्टड असतो, त्याच्या नटाला १० नंबरचा पाना लागतो. मोठ्या गाड्यांत एम ८, त्याला १२ किंवा १३ नंबरचा. दिसायला फरक दोन मिलिमीटरचा, पण एम ८ ला चालणारा जोर एम ६ ला लावला तर स्टड मोडलाच म्हणून समजा.

नट किती पिळाने आवळायचा त्याचा, म्हणजे टॉर्कचा, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि तोच खरा. अंदाज यावा म्हणून सांगतो: एम ६ साठी साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर, एम ८ साठी साधारण १८ ते २५. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-मीटर. दहाने गुणलंत तरी इथे बिघडत नाही.

१० न्यूटन-मीटर म्हणजे हाताला किती?

अगदी थोडं. फूटभर लांबीच्या रॅचेटच्या (गोटी-पान्याच्या दांड्याच्या) टोकाला साडेतीन किलोचा ओढा लावला की १० न्यूटन-मीटर होतात. साडेतीन किलो म्हणजे भाजीची अर्धी पिशवी. आणि माणूस त्याच रॅचेटवर नुसता कलला तरी २० किलो सहज लागतात, म्हणजे ६० न्यूटन-मीटर. साध्या ८.८ ग्रेडच्या (पोलादाच्या ताकदीचा दर्जा) एम ६ स्टड त्याच्या तिसऱ्या हिश्शातच तुटतो. लांब पाना हा या कामातला खरा शत्रू आहे. गोटीला (नटावर बसणाऱ्या सॉकेटला) छोटा रॅचेट लावा, नाहीतर साधा रिंग पाना घ्या आणि तो टोकाला न धरता मधोमध धरा.

टॉर्क पाना (ठरवलेला आकडा आला की ‘कट्’ म्हणणारा) घेणार असाल तर तो कुठून कुठपर्यंतच्या आकड्यांचा आहे ते बघून घ्या. चाकांचे नट आवळायचा अर्ध्या इंची, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा पाना इथे निरुपयोगी आहे, तो ४० ला ‘कट्’ म्हणेपर्यंत तुमचा स्टड गेलेला असेल. ५ ते २५ च्या आसपासचा लहान पाना हवा. ‘कट्’ झालं की थांबायचं, खात्रीसाठी दुसऱ्यांदा कटकट करायची नाही, कारण प्रत्येक वेळी नट किंचित पुढे जातो. काम संपलं की पाना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते.

टॉर्क पाना नसला तरी अडत नाही. सामानाच्या बॅगा वजन करायचा हुकवाला काटा घरात असतो ना? रिंग पान्यावर नटाच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर खूण करा, तिथे सुतळीने काटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. काट्यावर १० किलो दिसले की झाले १ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे जवळपास १० न्यूटन-मीटर. एम ८ ला २० हवे असतील तर २० किलो. मी आधी बाकावर, शिकंज्यात धरलेल्या एका भंगार बोल्टवर हे दहा वेळा केलं. पाचव्या-सहाव्या वेळी काट्याकडे न बघता हाताला कळायला लागलं. नव्या माणसाने खर्च करायचाच असेल तर तो अशा एका संध्याकाळीवर करावा.

सोडवणं: अर्धं काम इथेच बिघडतं

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम ॲल्युमिनियम मऊ असतं, मॅन्युअलमधले आकडे थंड इंजिनाचे असतात, आणि बेंडला हात लागला तर काय होतं ते सांगायला नको.

स्टडचे बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने साफ करा. मग गंज सोडवणारं तेल मारा आणि निघून जा. पाच मिनिटं नव्हे, रात्रभर. मध्ये एकदा पुन्हा मारा. कोकणातली, समुद्राजवळची गाडी असेल तर दोन रात्री द्या. खाऱ्या हवेत पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले की ॲल्युमिनियम आतून पांढरी भुकटी होत जातं आणि स्टड तिथे सिमेंटमध्ये बसवल्यासारखा होतो.

गोटी सहा कोनांची वापरा. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. पहिला जोर सोडण्याच्या दिशेने न देता किंचित आवळण्याच्या दिशेने द्या, अगदी केसभर, म्हणजे गंजाची पकड तुटते. मग सोडा. पाव फेरा सुटला की परत अर्धा पाव आत, पुन्हा तेल, पुन्हा बाहेर. एका दमात काढायला जाऊ नका.

नटासोबत अख्खा स्टडच बाहेर आला तर घाबरू नका, हेडमधले आटे शाबूत असतील तर काही बिघडलेलं नाही. पण नट फिरतोय, स्टडही फिरतोय आणि हाताला स्प्रिंगसारखा लचका जाणवतोय, तर थांबा. स्टड पिळला जातोय. हॉट एअर गनने स्टडभोवतीचं हेड तापवा: ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक किंचित सैल होतं. त्याआधी आसपासचं सगळं तेल आणि पेट्रोल पुसून काढा. उघडी ज्योत पेट्रोलच्या टाकीखाली लावणाऱ्यांना मी पाहिलंय. तुम्ही त्यांच्यातले होऊ नका.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस ६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) गाड्यांत बहुतेक वेळा बेंडमध्येच ऑक्सिजन सेन्सर असतो. बेंड खाली घेण्याआधी त्याचा कनेक्टर काढा. बेंड वायरवर लोंबकळला तर तुमचं काम स्वस्तातून महागात गेलं. या गाड्यांत गळतीही जास्त नडते. जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो इसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) तसं कळवतो आणि इसीयू पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज अचानक पडलं की लोक इंजेक्टर साफ करायला धावतात, आणि दोष असतो एका तीस-चाळीस रुपयांच्या गॅस्केटमध्ये.

साफसफाई आणि गॅस्केट

जुनं गॅस्केट परत वापरू नका. ते एकदा चेपलं गेलं की दुसऱ्यांदा चेपत नाही, आणि चेपणं हेच त्याचं काम. पुष्कळ वेळा ते भोकात काजळीखाली इतकं रुतून बसलेलं असतं की ते आहे हेच कळत नाही. बॅटरी मारून बघा. कुणीतरी आधीच्या गॅस्केटवर दुसरं ठोकून बसवलेलं असतं, असं मला दोनदा सापडलंय. काढायला पितळेची किंवा लाकडाची पट्टी घ्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलंत तर ॲल्युमिनियमवर चरा पडतो आणि तिथूनच पुढे गळतं. फार जुन्या गाडीतल्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते कोरडं घासू नका, ओलं करून काढा.

फ्लँजच्या खाली, जिथे नट टेकतो तिथे, रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा थर असेल तर तो घासून काढा. रंग पहिल्याच तापण्यात जळतो, त्याची जाडी गेली की नटाचा दाबही गेला. नवीन बेंड बसवल्यावर आठवड्यात नट ढिले होतात त्याचं एक कारण हेच.

हेडमध्ये स्टड बसवायचा असेल तर दोन नट एकमेकांवर लॉक करून वरच्या नटाने तो आत फिरवा. हाताने जितका जाईल तितका जाऊ द्या, मग हलकासा टेकवा. ॲल्युमिनियममध्ये स्टड त्याच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट खोल असला पाहिजे, म्हणजे एम ८ ला १२ ते १६ मिलिमीटर. चार आट्यांवर टांगलेला स्टड वरून छान दिसतो आणि पहिल्या आवळण्यात निघून येतो.

नटांबद्दल दोन शब्द, आणि तेलाबद्दल चार

नायलॉक नट, म्हणजे ज्यात प्लास्टिकचं कडं असतं ते, इथे चालत नाहीत. ते कडं एक्झॉस्टजवळ वितळतं. नेहमीचं आटे-चिकट द्रावणही साधारण १५० अंशांच्या पुढे पकड सोडतं. स्प्रिंग वॉशरचा ताण सततच्या उष्णतेने मरतो. मूळ गाडीत तांब्याचा मुलामा दिलेले किंवा तोंडाशी चेपलेले पूर्ण धातूचे नट येतात, तेच आणा.

आता तेल. स्टडवर उष्णता सहन करणारं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं) पेस्ट लावावं की नाही यावर गॅरेजमध्ये भांडणं होतात. मी लावतो, निकेलचं, अगदी पुसट. त्याने पुढच्या वेळी नट निघतो. पण त्याचा दुसरा परिणाम लोक विसरतात. पान्याला दिलेला बराचसा जोर आटे आणि नटाचं तोंड यांच्या घर्षणात खर्ची पडतो, स्टड ताणण्यात उरतो तो थोडाच. कोरड्या एम ८ वर २० न्यूटन-मीटर दिले तर स्टडवर अंदाजे सव्वा टनाचा ताण येतो. तेच २० पेस्ट लावून दिले तर पावणेदोन टनांपर्यंत जातो. पाना तोच, आकडा तोच, आणि हेडच्या आट्यांवरचा बोजा दीडपटीच्या जवळ. म्हणून मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर आकडा कोरड्या आट्यांचा समजा आणि पेस्ट लावली तर तो २०-२५ टक्के कमी करा. पेस्ट फक्त नटाच्या बाजूला. गॅस्केटला किंवा सेन्सरला ती लागू देऊ नका.

बसवणं

इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण तो उलटा करतात.

पहिलं, गॅस्केट भोकात बसवा. खाली पडत असेल तर ग्रीसचा ठिपका लावून चिकटवा. ते ग्रीस पहिल्या दहा मिनिटांत धूर होऊन जाईल, घाबरू नका.

दुसरं, बेंड आणि सायलेन्सर जागेवर आणा आणि मागचा, फूटरेस्टजवळचा माउंटिंग बोल्ट नुसता अडकवून ठेवा. आवळू नका. मधला क्लँपही ढिला. मागचं आधी आवळलं तर पुढचं तोंड हेडवर वाकडं टेकतं, आणि मग तुम्ही दोन नटांनी अख्खा सायलेन्सर ओढून सरळ करायला बघता. त्या ओढीत एकतर गॅस्केट एका बाजूला चेपतं, किंवा काही महिन्यांनी बेंडच्या वेल्डिंगला तडा जातो.

तिसरं, दोन्ही नट बोटांनी फिरवा. पाना खिशात. पहिले तीन-चार फेरे बोटांनी गेलेच पाहिजेत. जात नसतील तर आटा चढलाय, म्हणजे नट तिरका बसलाय, काढून परत लावा. चेपलेल्या तोंडाचे लॉकनट याला अपवाद, ते सुरुवातीपासून थोडे जड फिरतात, पण तेही सरळ सुरू झाले पाहिजेत.

चौथं, आता पाना. डावा अर्धा फेरा, उजवा अर्धा फेरा, डावा पाव, उजवा पाव. दर वेळी फ्लँज आणि हेड यांच्यातली फट दोन्हीकडून बघा. ही फट शेवटीही उरते, फ्लँज हेडला टेकायची नसते. ती दोन्ही बाजूंना सारखी हवी. मी आगपेटीच्या काड्या घालून बघतो, व्हर्नियर असेल तर उत्तम.

या टप्प्यावर हाताला काय जाणवतं ते नीट ऐका. सुरुवातीला नट मऊसर, एकसारख्या विरोधाने फिरतो: गॅस्केट चेपतंय. मग विरोध भराभर वाढायला लागतो: जोड बसला, आता स्टड ताणला जातोय. इथून आकड्यापर्यंत पाव फेऱ्याच्या आतबाहेरच उरलेलं असतं. दोन टप्प्यांत जा, आधी निम्मा आकडा दोन्ही नटांना, मग पूर्ण. आणि विरोध वाढून झाल्यावर जर नट पुन्हा सहज फिरायला लागला, म्हणजे फिरतोय पण जोर वाढत नाहीये, तर त्याच क्षणी हात काढा. तेव्हा आटे सुटत असतात. माझ्या त्या पहिल्या वेळी मला हे ‘बसतंय’ असं वाटलं होतं.

पाचवं, मधला क्लँप, आणि सगळ्यात शेवटी मागचा माउंटिंग बोल्ट. तो आवळताना सायलेन्सर त्याच्या ब्रॅकेटपाशी आपणहून येत असला पाहिजे. ओढून आणावा लागत असेल तर पुढे परत ढिलं करा.

तपासणी

इंजिन थंड असतानाच जोडावर साबणाचं पाणी मारा, गाडी उघड्यावर चालू करा आणि लगेच बघा. बुडबुडे दिसले तर गळती आहे. बंद पडवीत हे करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी फक्त थंड असताना, तापलेल्या बेंडवर नको.

मग दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा आणि पूर्ण थंड होऊ द्या. नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात आणखी थोडं बसतं, त्यामुळे नट त्याच आकड्यावर पुन्हा तपासा. बहुधा एखादा किंचित फिरेल. शंभरेक किलोमीटरनंतर आणखी एकदा. तिसऱ्यांदाही ढिला निघाला तर आवळत बसू नका, कारण शोधा: वाकलेली फ्लँज, जाड रंग, दमलेला नट किंवा हळूहळू बाहेर येणारा स्टड.

चार सिलिंडरच्या हेडरवाल्यांसाठी

कारला हेडर (चारही सिलिंडरांचे एक्झॉस्ट पाईप एकत्र आणणारा जोड) लावणाऱ्यांचं दुखणं थोडं वेगळं आहे. तिथे ४० सेंटिमीटर लांबीची एकच फ्लँज ॲल्युमिनियमच्या हेडला लागलेली असते. पोलादी फ्लँज ३०० अंशांनी तापली की जवळपास दीड मिलिमीटर लांबते. ॲल्युमिनियम एका अंशाला जास्त फुगतं खरं, पण हेडला पाण्याचं थंडावण असल्याने ते ८० अंशांनीच तापतं आणि पाऊण मिलिमीटरच्या आत वाढतं. म्हणजे टोकाचे बोल्ट दर वेळी इंजिन तापलं-थंडावलं की त्या दोघांत कात्रीत सापडतात. म्हणूनच टोकाची भोकं मोठी किंवा लांबट असतात. ती ‘सैल आहेत’ म्हणून बुश घालून भरू नका. आवळताना मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जा, तीन फेऱ्यांत. टोकाकडून आलात तर मध्ये फुगवटा अडकतो आणि गळती नेमकी मधल्या दोन सिलिंडरांत सुरू होते.

आटे गेलेच तर

एम ६ च्या भोकात एम ८ चा आटा पाडून देणारे भेटतील. भोकाभोवती धातू पुरेसा आहे का हे बघितल्याशिवाय हो म्हणू नका. बऱ्याच हेडांत तिथे भिंत पातळ असते. त्याऐवजी स्टेनलेसच्या तारेची कॉइल बसवून घ्या, ज्याला सगळे हेलिकॉइल म्हणतात. एम ८ च्या कॉइलसाठी साधारण ८.३ मिलिमीटरचं ड्रिल, त्यावर किटमधलाच टॅप (आटे पाडायचं हत्यार). नीट बसलेली कॉइल मूळ ॲल्युमिनियमच्या आट्यांहून जास्त टिकते, कारण पुढे झीज पोलादाची होते. अवघड भाग एकच, ड्रिल काटकोनात सरळ जाणं. हेड गाडीवर असताना हातातल्या ड्रिलने ते जमणं कठीण.

स्टड आत मोडला असेल तर नवख्या माणसाने एक्स्ट्रॅक्टर (मोडका स्टड उलटा फिरवून काढायचं हत्यार) घुसवू नये. तो मोडला की आत पोलादाहून कडक तुकडा राहतो आणि मग कुणाचंच ड्रिल चालत नाही. उरलेल्या टोकावर नट वेल्ड करून तो फिरवणारा चांगला वेल्डर शोधा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच निम्मा गंज सुटतो. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला त्याला सांगा, तो विसरतो.